रेशेन ते मेरान: आल्प्समधल्या शांत सायकलवाटेची तयारी, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

फिन्शगाउ ही इटलीच्या उत्तर टोकाची, दक्षिण टिरोल प्रांतातली दरी. ऑस्ट्रियाच्या हद्दीजवळच्या रेशेन खिंडीपाशी, सुमारे १५०० मीटर उंचीवर ती सुरू होते आणि ३२५ मीटरवरच्या मेरान शहरापाशी संपते. दरीतून एसएस ४० आणि एसएस ३८ हे दोन मोठे रस्ते जातात. उन्हाळ्यात दोन्हींवर ट्रक, मोटारसायकली आणि कॅरॅव्हॅन यांची रीघ लागलेली असते. पण नदीच्या काठाने आणि सफरचंदांच्या बागांमधून एक वेगळी सायकलवाट काढलेली आहे. तिची लांबी सुमारे ८० ते ८५ किलोमीटर. बहुतेक ठिकाणी मोटारींना मज्जाव, आणि जिथे वाट शेतरस्त्यावरून जाते तिथे फार तर एखादा ट्रॅक्टर भेटतो. ज्यांनी घाटात कधी सायकल चालवलेली नाही, त्यांनी आल्प्सची ओळख इथूनच करून घ्यावी. याच दरीतून श्टेल्व्हिओ खिंडीचा जगप्रसिद्ध रस्ता वर जातो, ४८ वळणांचा. पहिल्या फेरीत त्याच्या नादी लागू नका. चढ तर जीवघेणा आहेच, शिवाय सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलींच्या आवाजाने डोकं उठतं.

जाण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: इथे प्रत्येक गावाला दोन नावं आहेत, एक जर्मन आणि एक इटालियन. रेशेन म्हणजेच रेसिया, माल्स म्हणजे माल्लेस, ग्लुर्न्स म्हणजे ग्लोरेंत्सा, श्लांडर्स म्हणजे सिलांद्रो, मेरान म्हणजे मेरानो. नदी जर्मनमध्ये एच (Etsch), इटालियनमध्ये आदिजे. पाट्यांवर दोन्ही नावं असतात, पण तिकिटाच्या ॲपवर एखादं नाव सापडलं नाही की नवखा माणूस गोंधळतो. जोड्या कागदावर लिहून हँडलच्या पिशवीत ठेवा.

दरीचा आकार: तीन पायऱ्या

नकाशावर वाट सलग उताराची दिसते, पण प्रत्यक्षात ती पायऱ्या-पायऱ्यांची आहे. बाजूच्या ओढ्यांनी हजारो वर्षं दगडमाती आणून मुख्य दरीत पंख्याच्या आकाराचे प्रचंड ढीग घातले. नदी ढिगामागे संथ, सपाट होते आणि ढीग ओलांडताना एकदम खाली उतरते. सायकलवाटेचंही तसंच. पहिली पायरी माल्सच्या वरची: झांक्ट फालेंटिन १४७० मीटरवर, ग्लुर्न्स ९०७ मीटरवर. दुसरी लास आणि श्लांडर्सच्या मधली, गाद्रिया ओढ्याच्या ढिगावरची: ८६८ वरून ७२१ मीटर. तिसरी ट्योलची, मेरानच्या उंबऱ्यावर. या तीन ठिकाणी ब्रेकची परीक्षा होते, एरवी पेडल मारावंच लागतं. ‘उतारच आहे, पाय हलवायची गरज नाही’ असं समजून मुलांना किंवा वयस्कर मंडळींना नेलं, तर लासच्या आधीच्या सपाटीवर समोरून वारा लागला की सगळे थकतात.

कधी जावं, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी

मे अखेर ते जून आणि सप्टेंबर हे सगळ्यात चांगले. एप्रिलमध्ये खाली मेरानला फुलं आलेली असतात, तेव्हा वर रेशेनला बर्फ असू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये वाटेवर गर्दी होते, रविवारी तर कुटुंबंच्या कुटुंबं उतरतात. शांतता हवी असेल तर मंगळवार ते गुरुवार निवडा.

एप्रिलमधल्या थंड पहाटे एक गंमत बघायला मिळते आणि एक धोकाही असतो. सफरचंदाच्या कळ्या हिवाने जळू नयेत म्हणून शेतकरी रात्री तुषार सिंचन सुरू करतात. पाणी कळीवर गोठतं, आणि गोठताना सोडलेली ऊब कळीला वाचवते. उजाडताना अख्खी बाग काचेत बसवल्यासारखी दिसते. पण तेच पाणी सायकलवाटेवर उडालेलं असतं आणि त्याचाही बर्फ होतो. अशा दिवशी ऊन चांगलं चढल्यावरच निघा.

वाऱ्याचं गणित त्याहून महत्त्वाचं. ऊन तापलं की दुपारी वारा बहुधा खालून वर, म्हणजे तुमच्या तोंडावर येतो. रेशेनच्या तळ्यावर पतंगाच्या दोरीने पाण्यावर घसरणारे खेळाडू जमतात ते याच वाऱ्यासाठी. म्हणून रेशेनहून साडेआठ-नऊला निघा आणि लांबचा टप्पा दोनच्या आत संपवा. कधीकधी याच्या उलट खिंडीकडून जोराचा उत्तर वारा सुटतो. तेव्हा वेग फुकट मिळतो, पण माल्सजवळच्या उघड्या माळावर आडवा झोत सायकल ढकलतो. हँडल खालून धरा, ताशी २५ किलोमीटरच्या वर जाऊ नका.

तिथवर पोहोचणं

म्युनिककडून येणाऱ्यांनी रेल्वेने इन्सब्रुक आणि ब्रेनरमार्गे बोल्झानो गाठावं, तिथून मेरानची गाडी आहे. खिंडीच्या बाजूने थेट यायचं असेल तर ऑस्ट्रियातल्या लांडेक स्थानकावरून नाउडर्सकडे बस जाते. नाउडर्स ते रेशेन सायकलवाट आहे. झुरिककडच्यांना त्सेर्नेत्सपर्यंत रेल्वे, पुढे म्युस्टायरमार्गे माल्सला पोस्टबस. भारतातून येणाऱ्यांनी म्युनिक किंवा मिलानचं विमान बघावं. शेंगेन व्हिसा इटली, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड तिन्हींना चालतो.

मेरान ते माल्स या ६० किलोमीटरवर दरीची स्वतःची रेल्वे आहे. १९९० च्या सुमारास ती बंद पडली होती, २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्यामुळेच ही वाट नवख्यांसाठी इतकी सोपी झाली: पाय थकले, पाऊस आला, की जवळच्या स्थानकावर जायचं. मात्र गाडीत सायकलींना जागा मोजकीच असते आणि सायकलीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. मुक्कामाच्या जागी प्रवासाचा पास मिळाला तरी तो बहुधा माणसापुरताच असतो. या मार्गाच्या विद्युतीकरणाचं काम हाती घेतलेलं असल्यामुळे काही काळ गाडीऐवजी बस सोडल्या जातात. बुकिंग करण्याआधी प्रांताच्या वाहतूक संकेतस्थळावर तुमच्या तारखा तपासा.

यावर सोपा उपाय म्हणजे सायकल भाड्याने घेणं. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात परत देण्याची सोय स्थानकांजवळच्या दुकानांत मिळते. तुम्ही बसने किंवा गाडीने मोकळ्या हाताने वर जायचं, सायकल वरच घ्यायची आणि मेरानला सोडायची. विजेची सायकल हवी असेल तर ती आठवडाभर आधी सांगून ठेवा.

सायकल निवडताना आणि हातात घेताना

वाट बहुतेक डांबरी आहे, मध्ये मध्ये दाबलेल्या बारीक खडीचे तुकडे येतात. रोड सायकल चालते, पण टायर २८ मिलीमीटरहून अरुंद नको. नवख्यांना ४० ते ४७ मिलीमीटर टायरची ट्रेकिंग सायकल जास्त सुखाची. हवा: २८ ला ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या आसपास; ४२ ला ३ ते साडेतीन बार. हवा कमी ठेवली तर लाकडी पुलाच्या कडेवर चाक आदळून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. इथल्या बऱ्याच पंक्चरांचं कारण काटा नसून हेच असतं.

आता ब्रेक. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. इथल्या भाड्याच्या सायकलींना बहुधा डाव्या हाताला पुढचा. सवयीने डावा ब्रेक ‘मागचा’ समजून उतारावर जोरात दाबला की पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून दुकानाच्या दारातच एवढं करा: हँडल उचलून पुढचं चाक हवेत धरा, हाताने फिरवा आणि डावा ब्रेक दाबा. चाक थांबलं तर डावा पुढचा. मग डाव्या मुठीवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. मोकळ्या जागेत दहा वेळा हळू चालवून फक्त उजव्या ब्रेकने थांबायचा सराव करा. बोटांना नवी सवय लागायला दहा मिनिटं पुरतात, पण ती दहा मिनिटं द्यायलाच हवीत.

सोबत पुढचे ब्रेकपॅड पाहा. घासणारा थर १ मिलीमीटरहून कमी उरला असेल तर सायकल बदलून मागा. सगळ्यात हलक्या गिअरवर साखळी अडखळते का बघा. घंटा आणि पुढचे-मागचे दिवे कायद्याने लागतात.

बरोबर घ्यायचं: एक ट्यूब (व्हॉल्व्ह जुळतो का ते दुकानातच बघा), दोन टायर लिव्हर, छोटा पंप, षटकोनी पान्यांचा जुडगा, दीड लिटर पाणी, वारा अडवणारं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे. जूनमध्येही रेशेनला सकाळी बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांना ब्रेक नीट दाबता येत नाही. मेरानला त्याच दुपारी तीस अंश असू शकतात, म्हणून खाली पातळ कपडे. सामान सहा-सात किलोच्या आत ठेवा आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटा.

पहिला दिवस: रेशेन ते श्लांडर्स, सुमारे ४८ किलोमीटर

पहिला तुकडा तळ्याच्या काठाचा. हे धरणाचं पाणी आहे. १९५० मध्ये जुनं ग्राउन गाव आणि रेशेनचा काही भाग त्याखाली गेला. गावाच्या चर्चचा चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा पाण्यातून वर उभा आहे. मनोरा पूर्व काठाला, मोठ्या रस्त्यालगत, आणि तिथे पर्यटकांच्या बसगाड्या थांबतात. शांतता पश्चिम काठाला आहे. तिथे दोन-चार छोटे चढ लागतात, पण पलीकडून मनोरा आणि मागचे डोंगर एकत्र दिसतात. हाताशी दिवस असेल तर आदल्या संध्याकाळी तळ्याला पूर्ण फेरी मारा. साधारण १५ किलोमीटर होते आणि नव्या सायकलीचा सरावही होतो. वसंतात तळ्याचं पाणी बरंच उतरलेलं असतं, मनोरा तेव्हा चिखलात उभा दिसतो. फोटोसाठी लांबून येणार असाल तर हे आधीच लक्षात घ्या.

झांक्ट फालेंटिन ओलांडलं की दुसरं, लहान तळं लागतं, आणि त्याच्या खाली पहिली पायरी. हा अख्ख्या वाटेवरचा सगळ्यात कठीण उतार. काही तुकडे दहा टक्क्यांच्या वरचे आहेत. उतरण्याआधी थांबा, जाकीट घाला, सीट बोटभर खाली घ्या. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. सतत घासला की तो तापतो, जळका वास येतो आणि पकड कमी होते. सरळ तुकड्यावर दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग पाडा, मग पूर्ण सोडा, पुन्हा दाबा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, नजर वळणाच्या पलीकडे. वाट दोन्ही दिशांची आहे, वर चढणारे समोरून येतात, तेव्हा उजवी कड सोडू नका. वाटेच्या तोंडाशी मोटारी अडवायला खांब रोवलेले असतात. लाकडी पूल ओला असेल तर त्यावर ब्रेकही नको आणि वळणंही नकोत, सरळ पार व्हा.

बुर्गाइसच्या वर डोंगरकड्यावर मारीएनबर्गचा पांढराशुभ्र बेनेडिक्टाइन मठ दिसू लागला, की सगळ्यात तीव्र भाग संपत आला असं समजा. इथे पाच मिनिटं थांबून हात झटका. माल्समध्ये रेल्वे सुरू होते. कुणाला पुढे नको असेल तर हीच सुटायची जागा.

ग्लुर्न्स हे हजारापेक्षा कमी वस्तीचं शहर, पण तटबंदी आजही सलग उभी आणि तीन वेशी शाबूत. आत फरशी ओबडधोबड आहे, सायकल हातात धरून चाला. पुढे प्राड, मग नदीकाठाने लास. हा भाग सपाट आहे, आणि दुपारच्या वाऱ्याचा त्रास इथेच होतो. लासचा संगमरवर प्रसिद्ध. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांच्या कबरींवरचे हजारो क्रूस याच दगडातून घडवले. गावातले पदपथसुद्धा संगमरवरी आहेत, पावसात त्यांवर चाक घालू नका. लासनंतर दुसरी पायरी, झाडीतून उतरणारी. सावलीत ओली पानं असतात, शरद ऋतूत विशेष.

नवख्यांनी श्लांडर्सला मुक्काम करावा. एका दिवसात मेरान गाठणारे पुष्कळ आहेत, पण ते बागा बघत नाहीत, फक्त मागे टाकतात.

दुसरा दिवस: श्लांडर्स ते मेरान, सुमारे ३७ किलोमीटर

लाच, कास्टेलबेल, नाटुर्न्स असा क्रम. दोन्ही हातांना सफरचंदांच्या रांगा, अगदी जवळून. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी चालू असते. मोठमोठ्या क्रेटांनी भरलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर रांगेतून अचानक वाटेवर येतो आणि चालकाला क्रेटांमुळे कडेचं दिसत नाही. रांगांच्या तोंडाशी वेग कमी करा, घंटा वाजवा, त्याला आधी जाऊ द्या. वाट त्याच्या कामाची आहे. फवारणी चालू दिसली तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबून ती संपू द्या. फळ तोडू नका. बागांच्या दारात बरेचदा विक्रीची टोपली आणि पैशांचा डबा ठेवलेला असतो.

आल्प्सच्या मानाने ही दरी फार कोरडी. वर्षाला जेमतेम ५०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस. शेती उभी राहिली ती पाटांवर. डोंगराच्या कडेने मैलोन्‌मैल नेलेल्या या पाटांना इथे ‘वाल’ म्हणतात, शेतकऱ्यांच्या पाणीपाळ्या ठरलेल्या असायच्या, आणि पाटकरीही असायचा. जुन्या पाटांवर पाणचक्कीला जोडलेली घंटा असे. पाणी वाहतंय तोवर हातोडी टणटण वाजत राही. घंटा थांबली की पाटकऱ्याला कळे, वर कुठेतरी पाणी अडलं. पाटालगतच्या पाऊलवाटा चालणाऱ्यांसाठी आहेत, तिथे सायकल नेऊ नका. कास्टेलबेल किंवा नाटुर्न्सला सायकलीला कुलूप घालून तासभर पायी फिरा.

ट्योलला तिसरी पायरी: छोट्या, घट्ट वळणांची उतरण आल्गुंडकडे. वळणं इतकी जवळजवळ आहेत की समोरचा ऐन वेळी दिसतो. चालण्याच्या वेगाने उतरा. लहान मुलं बरोबर असतील तर हा तुकडा पायी.

पोटपाणी

गावोगावी पिण्याच्या पाण्याचे नळ-हौद आहेत. ‘काइन ट्रिंकवासर’ किंवा ‘नॉन पोताबिले’ लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका. दुकानं दुपारी दोन-तीन तास बंद असतात आणि रविवारी बहुतेक उघडतच नाहीत, म्हणून सकाळीच खाऊ भरून घ्या. दर पाऊण तासाला थोडं खा, भूक लागेपर्यंत थांबू नका.

शाकाहारींनी ‘श्पेक’ हा शब्द ओळखायला शिकावं. ते डुकराचं धुरी दिलेलं मांस, आणि ते सूपपासून क्नोडेलपर्यंत कशातही असू शकतं. क्नोडेल म्हणजे पावाचे उकडलेले गोळे. पालकाचे मागा आणि ‘ओने श्पेक, ओने फ्लाइश’ असं स्पष्ट सांगा. रश्शातले नको म्हणा, तो रस्सा बहुधा मांसाचा असतो. पालक-चक्क्याचं सारण भरलेले श्लुट्सक्रापफेन हा भरवशाचा पदार्थ.

आणि बेकरीत जाऊन फिन्शगाउची जोडभाकर नक्की घ्या: राईच्या पिठाचे दोन चपटे गोल पाव, एकमेकांना चिकटून भाजलेले. मोडून नाकाशी धरा. आधी आंबूस वास येतो, मागोमाग ओळखीचा, कसुरी मेथीच्या डब्यासारखा. तो खरंच मेथीचाच. निळ्या फुलांची मेथीची एक जात इथे पावात घालतात. चीजबरोबर ही भाकर दुपारपर्यंत पोटाला आधार देते आणि पिशवीत दोन दिवस टिकते.

वेळ उरला तर

ग्लुर्न्सहून पश्चिमेला म्युस्टायर, एका अंगाला साधारण दहा-बारा किलोमीटर. जाताना सुमारे साडेतीनशे मीटर चढ, येताना उतार, काही तुकडे खडीचे. मोठ्या रस्त्याऐवजी ओढ्याकाठची वाट धरा. म्युस्टायर स्वित्झर्लंडमध्ये आहे. तिथला झांक्ट योहान मठ १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पासपोर्ट बरोबर ठेवा, आणि हद्द ओलांडण्याआधी मोबाइलचा डेटा बंद करा. युरोपीय संघातली रोमिंगची सवलत स्वित्झर्लंडला बहुधा लागू नसते.

नियम आणि अडचणी

वाहतूक उजवीकडून. सायकलवाट सोडून रस्त्याला लागताना आधी डावीकडे बघा. चूक सकाळी निघताना आणि जेवून उठल्यावर होते, कारण तेव्हा जुनी सवय वर येते. गावाबाहेर एकामागे एक चालवा. अंधारात गावाबाहेर आणि बोगद्यात परावर्तक जाकीट सक्तीचं आहे. हेल्मेट मोठ्यांना कायद्याने सक्तीचं नसलं तरी त्याशिवाय पहिली पायरी उतरू नका. तातडीला ११२. जागा सांगताना सगळ्यात जवळच्या रेल्वे स्थानकाचं नाव सांगा, बागांच्या मधोमध दुसरी खूण सापडत नाही. गडगडाट ऐकू आला की एकट्या झाडाखाली न थांबता गाव किंवा स्थानक गाठा.

मेरानला सायकल स्थानकाजवळच्या दुकानात द्यायची असेल तर बंद होण्याची वेळ सकाळीच फोन करून विचारा. दुपारच्या सुट्टीत पोहोचलात तर दोन तास ताटकळावं लागतं आणि पुढची गाडी हुकते. परत देताना टायर, ब्रेक आणि चौकटीचे फोटो दुकानदारासमोर काढा आणि अनामत रक्कम परत मिळाल्याची पावती घेऊन मगच फलाटाकडे वळा.